कंडक्टर परबबाईंचा डोंगर

आमच्या मजल्यावर सकाळ व्हायची ती कुलपाच्या आवाजाने. अजून उजाडलेलं नसायचं. परबांच्या दाराची कडी सरकायची, मग कुलूप लागल्याचा खट्ट आवाज, मग ते नीट लागलंय ना हे बघायला दिलेला एक हिसका. तो हिसका झाला की परबबाई जिना उतरायला लागायच्या, आणि बंद दाराच्या आतून कधीकधी परबकाकांचा आवाज यायचा.

"अगो, दार उघड. माका फर्स्ट शिफ्टाक जावचा आसा."

काकांची फर्स्ट शिफ्ट संपून बरीच वर्षं झाली होती. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात ते फिटर होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना विसरण्याचा आजार झाला. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरले, मग घराचा मजला, मग मुलीचं नाव. एकच गोष्ट त्यांच्यात पक्की राहिली होती: पहाट झाली की बूट घालायचे आणि ड्युटीला निघायचं. दार उघडं मिळालं की ते निघतच. दोनदा रस्त्यावरून ओळखीच्या रिक्षावाल्यांनी परत आणलं, त्यानंतर बाहेरून कुलूप आलं.

आचोळ्याच्या आमच्या इमारतीत काही जणांना ते कुलूप सहन होत नसे. "आजारी नवऱ्याला कोंडून ही बाई डोंगरावर फिरायला जाते," असं जिन्यात आणि भाजीच्या गाडीपाशी बोललं जायचं. परबबाईंच्या कानावर ते जात नसेल असं नाही. सगळी नोकरी त्यांनी बसवर कंडक्टर म्हणून केली होती. मागच्या सीटवरचं पुटपुटणं पुढच्या दाराशी उभं राहून ऐकण्याची त्यांना सवय होती. पण त्या कुणाला उत्तर देत नसत आणि जाणंही थांबवत नसत.

मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले ते माझ्या साखरेमुळे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि मी दर सोमवारी सुरुवात करून गुरुवारपर्यंत थांबत होते. एकदा जिन्यात परबबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं. त्या सगळ्यांच्याच पायांकडे बघत.

"चपला चालायच्या नाहीत. बूट घे," त्या म्हणाल्या. "उद्या खाली गेटपाशी ये. आलीस तर बरं, नाही आलीस तरी आम्ही निघणार. गाडी रिकामी असली तरी सुटते."

हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. चालण्याबद्दल त्या याहून जास्त उपदेश कधी करत नसत. आज पाऊस आहे, आज अंग दुखतंय, आज पाहुणे आहेत, असं कुणी म्हणालं की त्या शांतपणे म्हणत, "असू दे. गाडी सुटेल."

आमचा तिसरा भिडू फ्रान्सिस अंकल. वसईच्या एका वाडीत त्यांची फुलझाडांची बाग होती. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले होते आणि बायको मेरी गेल्यापासून घरात एकटेच होते. तरुणपणी ते परबबाईंच्या बसने स्टेशनला जात. परबबाई त्यांना आडनावाने हाक मारत. "डिमेलो, तुमच्या पासवरचा फोटो मी रोज बघायचे. फोटोतसुद्धा तुम्ही झोपलेलेच होतात." अंकल त्यांच्या जुन्या छोट्या गाडीतून आम्हाला घ्यायला यायचे. हायवे ओलांडला की तुंगारेश्वरचा डोंगर. देवळाकडे जाणाऱ्या गर्दीच्या रस्त्याने आम्ही जात नसू. बाजूने एक पायवाट वर जाते, मध्ये एक ओढा ओलांडते आणि पुढे कातळाच्या मोठ्या सपाटीवर संपते. आमचं चालणं तिथपर्यंत.

डोंगरावरही परबबाई कंडक्टरच राहिल्या होत्या. निघताना दोन टाळ्या वाजवायच्या, म्हणजे चला. एक टाळी वाजली की जिथे असाल तिथे थांबायचं. वाटेत त्या कधीच बसत नसत. दम लागला तर पाय फाकवून, एक खांदा झाडाला टेकवून उभ्या राहत, जणू झाडही वळण घेणार आहे. चिक्कीचे तुकडे वाटताना अंगठा जिभेला लावायची सवय सुटली नव्हती. मग स्वतःच लक्षात येऊन हात पदराला पुसायच्या.

ओढ्यापलीकडे सपाटीपर्यंतचा जो चढ होता, त्याला त्या 'मुका टप्पा' म्हणत. तिथे कुणी बोलायचं नाही. फ्रान्सिस अंकल खिशात हात घालून रोझरीचे मणी सरकवत चालत. मी माझ्या परीने कधी नामस्मरण करायचा प्रयत्न करी आणि मध्येच ऑफिसातल्या कामावर घसरे. परबबाई ओठसुद्धा हलवत नसत.

"तुम्ही काय म्हणता मनात?" मी एकदा सपाटीवर पोचल्यावर विचारलं.

"काही नाही. नोकरीत इतकं ओरडले की आता तोंड नको वाटतं. देवाला काही सांगायचं असेल तर त्यानं सांगावं. मी ऐकते."

"मग काही ऐकू येतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत.

"कुलूप ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "रोज तेच ऐकू येतं."

तोवर मला वाटत होतं की या बाईला घर विसरायला डोंगर लागतो. त्या दिवशी कळलं की त्या घर बरोबर घेऊनच चढत होत्या. पाय सुजायचे, रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, हे सगळं खरं. पण दिवसभर आणि रात्रभर त्या माणसाला धुणं, भरवणं, धरणं, त्याचे तेच प्रश्न ऐकणं, यासाठी लागणारं बळ त्या इथून रोज नेत होत्या. आणि त्यासाठी त्याच माणसाला कोंडून यावं लागत होतं. हा हिशोब त्यांना कधीच जुळवता आला नाही.

श्रावणातली एक सकाळ मी विसरणार नाही. आम्ही वर जाताना ओढा घोट्याएवढा होता. सपाटीवर पोचलो आणि डोंगराच्या माथ्यावर काळं झालं. परत येईस्तोवर ओढ्याचा आवाज बदलला होता. पाणी तांबडं होऊन दगडांवरून उड्या घेत होतं. ज्या दगडांवर पाय ठेवून आम्ही आलो होतो त्यातला एकही दिसत नव्हता. मोबाईलला रेंज नव्हती, तिथे ती कधीच नसते.

परबबाईंनी एक टाळी वाजवली. आम्ही थांबलो.

त्या दिवशी फ्रान्सिस अंकलच्या मेरीच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा होती. वर्षश्राद्धच म्हणा. त्यांनी घड्याळ बघितलं, पाणी बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"मी जातो. एवढं खोल नाही. लहानपणापासून पाण्यात वाढलोय मी."

"तुम्ही वाढलात ते खाडीच्या पाण्यात. हे डोंगराचं पाणी आहे. डिमेलो, मागे या."

अंकलनी पाय आत टाकला. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना ढकलत होतं. परबबाईंनी पुन्हा टाळी वाजवली, पण त्या आवाजात ती ऐकू आली नसावी. तेव्हा त्यांनी पुढे होऊन अंकलचा शर्ट पाठीमागून मुठीत धरला.

अंकल वळले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तुमचा माणूस तिकडे कुलपात आहे परबबाई! तुम्हाला घाई नाही?"

हे वाक्य आमच्यात कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

परबबाईंनी दुसरा हात ब्लाउजमध्ये घालून चावी काढली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "आहे ना घाई. पण ही एकच चावी आहे. मी वाहून गेले तर ही पण जाईल. मग ते दार कोण उघडणार? आणि तुम्ही वाहून गेलात तर मला तुमच्या मागे उडी टाकावी लागेल. म्हणून म्हणते, मागे या."

अंकल मागे आले. त्यानंतर थोड्याच वेळात मुळासकट उपटलेलं एक झाड ओढ्यातून गेलं, आडवं, दोन्ही काठांना घासत.

आम्ही तिथेच उभे होतो, दुपार होईपर्यंत. पाऊस थांबत होता, पुन्हा येत होता. परबबाई चावी मुठीत धरून पाण्याकडे बघत राहिल्या. मध्येच त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, शेवटी देवाचं नाव घेतलं. पण जवळ गेले तर ऐकू आलं, "गॅस बंद केलाय. बाथरूममधली बादली रिकामी आहे. खिडकीची जाळी लावलीय. गॅस बंद केलाय." हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पाणी उतरल्यावर एकमेकांचे हात धरून आम्ही ओढा ओलांडला. घरी पोचलो तेव्हा मी त्यांच्या मागेच होते. कुलूप काढलं, पण दार आत जाईना. काका आतून दाराला टेकून जमिनीवर बसले होते. परबबाईंनी हळूहळू दार ढकलून फट केली आणि अंग चोरून आत गेल्या. काकांच्या पायांत बूट होते, नाड्या नीट बांधलेल्या होत्या, आणि पँट ओली झाली होती. हाक मारून मारून त्यांचा आवाज बसला होता.

परबबाई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि नाड्या सोडू लागल्या. "शिफ्ट सुटली," त्या म्हणाल्या. "आता घरी इलांव आपण."

त्या संध्याकाळी त्यांनी दुसरी चावी करून आणली आणि शेजारच्या शिंदेवहिनींकडे ठेवायला दिली. कधी काही झालं तर असू दे, एवढाच विचार.

आणि त्या चावीनेच पुढचं सगळं घडलं.

गणपती होऊन गेले होते. आम्ही डोंगर उतरून गाडीपाशी आलो आणि रेंज आल्याबरोबर परबबाईंचा फोन वाजू लागला. पलीकडून शिंदेवहिनी रडत होत्या. आवाज इतका मोठा की आम्हालाही ऐकू येत होता. काका दारामागून इतकं नीट बोलले, "वहिनी, उशीर होतोय, जरा दार उघडता का?" वहिनींना वाटलं, आज बरं आहे यांना. त्यांनी उघडलं. काकांनी हात जोडून आभार मानले. गॅसवरचं दूध उतू चाललं म्हणून वहिनी आत वळल्या. बाहेर आल्या तर जिना रिकामा.

परबबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "रडू नका," त्या म्हणाल्या. "माणसानं दार उघडायला सांगितलं, तुम्ही उघडलंत. त्यात तुमची काय चूक?" फोन ठेवून त्यांनी गाडीचं दार उघडलं.

आधी कारखान्याकडे गेलो. तिथे आता कुठल्याशा मालाचं गोदाम आहे. वॉचमनने कुणालाच पाहिलं नव्हतं. मग स्टेशनचे दोन्ही बाजूंचे जिने, रिक्षांचे स्टँड, पोलीस चौकी. इमारतीचे सेक्रेटरी आणि चार माणसंही शोधायला निघाली होती. सेक्रेटरी आम्हाला चौकीबाहेर भेटले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता आणि घाबरलेला माणूस बोलतो.

"परबबाई, आता तरी तो डोंगर आवरा. या वयात कसला फिटनेस घेऊन बसलात? घरात नवरा..."

"त्यांचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाका," परबबाई मध्येच म्हणाल्या. "माझं काय चुकलं ते नंतर बघू. मी कुठे पळत नाही."

मग कुणीतरी म्हणालं, तळ्याकडे बघितलं का? आम्ही आचोळ्याच्या तळ्याकडे निघालो. लांबूनच काठावर गर्दी दिसली. पाच-सहा माणसं दोरखंड लावून पाण्यातून काहीतरी ओढत होती. काहीतरी लांबट, चिखलाने माखलेलं, जड.

परबबाई चालता चालता थांबल्या आणि रस्त्याच्या कडेला, होत्या तिथेच, खाली बसल्या. ऊन, पाऊस, चढ, कशातही मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. फ्रान्सिस अंकल पुढे धावले. ते गर्दीत शिरले, वाकले, आणि मग तिथूनच दोन्ही हात हलवत ओरडू लागले, "नाही! नाही! मखर आहे! लाकडाचं मखर!"

विसर्जनात बुडालेला एक सांगाडा पालिकेची माणसं बाहेर काढत होती.

परबबाईंना उठायला वेळ लागला. उठल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "आता कुठे?"

याचं उत्तर दुपारनंतर आलं. काकांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत परबबाईंनी पक्क्या शाईने आपला नंबर लिहून ठेवला होता. फोन कितीतरी लांबच्या चांदीप गावाहून होता. एक शेतकरीण बाई बोलत होती. तिच्या शेताच्या बांधावर एक म्हातारे बाबा फिरतायत, बसायला सांगितलं तर बसत नाहीत. आचोळ्याहून चांदीपला ते कसे पोचले, कुठल्या बसमध्ये बसले, किती चालले, हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा काका ओटीवर होते, पण उभेच. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. ती बाई शेजारी तांब्या घेऊन उभी होती.

"पानी दिलं तर उभ्यानंच प्याले," ती सांगू लागली. "भाकरी पन उभ्यानंच खाल्ली. बसा म्हनलं तर म्हनतात, गाडी येल. नुसत्या येरझाऱ्या. पन बाई, मानूस खूश होता हां. वाऱ्याला तोंड करून चालत होता. तरास काय दिला नाय."

काकांनी परबबाईंना बघितलं. ओळखल्याचं चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण त्यांच्या बोलण्यात आदर आला. "बाई, हंयसर गाडी थांबता मा? माका सोडतल्यात?"

"सोडतंय," परबबाई म्हणाल्या. "चला."

परतीच्या वाटेवर काका गाडीत लगेच झोपले. परबबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. खूप वेळाने त्या म्हणाल्या, मला की स्वतःला, ठाऊक नाही, "ती म्हणाली, खूश होता."

त्यानंतर पहाटेचं कुलूप लावणं थांबलं आणि डोंगरही. फ्रान्सिस अंकल आणि मी दोघेच जात राहिलो. दोन टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, तरी निघताना आम्ही क्षणभर थांबायचो. परबबाई घरातच होत्या, पण घरात शांतता नव्हती. पहाट झाली की काका दार ठोकायचे, आता आत बायको असली तरीही. तिने अडवलं की तिला ढकलायचे. एका सकाळी दूध घ्यायला परबबाईंनी दार उघडलं तेव्हा मनगट काळंनिळं दिसलं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं आणि पदर ओढून घेतला.

मुलगी स्नेहल नाशिकहून आली. तिकडे अशा आजारी लोकांना सांभाळणारं एक केंद्र होतं, तिने जागा बघून ठेवली होती. भिंतीपलीकडून मला मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं, ऐकायचं नव्हतं तरी.

"आई, तू मरशील अशाने."

"तिथे त्यांना चालायला देतात?"

"आतमध्ये गॅलरी आहे ना."

"गॅलरीत येरझाऱ्या." मग परबबाई म्हणाल्या, "मला थोडे दिवस दे. एक करून बघायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या दारावर आतून ठोकणं सुरू झालं आणि लगेच थांबलं. मी बाहेर आले तर दोघेही जिन्यात. काकांच्या पायांत बूट, खिशाला पेन, केस नीट विंचरलेले. बाईंनी जुन्या साडीचा काठ फाडून त्याची एक बाजू त्यांच्या मनगटाला आणि दुसरी आपल्या कमरेला बांधली होती.

"फर्स्ट शिफ्टला निघालोय," त्या मला म्हणाल्या. "येतेस?"

पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंतसुद्धा गेलो नाही. वाटेत काका एका दगडाला घाबरले, पुढे येईनात. परबबाईंनी ओढलं नाही. त्या वळल्या. "परतीची फेरीसुद्धा फेरीच असते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो दगड ओलांडला. काही दिवसांनी ओढा. काकांचं पाऊल फिटरचं होतं, जमीन चाचपून मग भार टाकणारं. चढावर ते माझ्यापेक्षा बरे चालत. गप्प राहायला त्यांना सांगावं लागत नसे.

पण मला रोज भीती वाटायची. आणि एका सकाळी मी ज्याला भीत होते ते झालं. आम्ही उतरत होतो. खाली हायवेवर एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. काका जागच्या जागी ताठ झाले. "भोंगो झालो!" म्हणाले आणि उतारावरून धावत सुटले.

साडीचा काठ ताणला गेला. परबबाई पुढे फेकल्या गेल्या, गुडघ्यांवर आपटल्या, तशाच थोड्या फरफटल्या आणि कशा कोण जाणे उठून धावू लागल्या. त्यांना थांबवणं शक्य नव्हतं म्हणून त्या बरोबर धावत होत्या. डाव्या हाताला दरी होती, फार खोल नव्हे, पण पडलेला माणूस वर येणार नाही एवढी. फ्रान्सिस अंकल ओरडत होते, "येशू, येशू." मी मागे धावत होते. मला फक्त परबबाईंचा आवाज ऐकू येत होता. किंचाळत नव्हत्या. दम लागलेल्या आवाजात सांगत होत्या, "हंयसर वाट आसा. उजवीकडे. उजवीकडे. टाइम आसा अजून. टाइम आसा."

वळणाशी उतार संपतो तिथे काका आपोआप मंदावले आणि उभे राहिले. परबबाईंच्या साडीतून गुडघ्याचं रक्त आलं होतं. अंकलनी काकांना दोन्ही हातांनी मिठी मारून धरलं, आणि काका त्यांना नम्रपणे म्हणाले, "साहेब, उशीर झालो. माफ करा."

मला वाटलं, संपलं. आता नाशिक. परबबाईंनी खाली वाकून कमरेची गाठ सोडली. मग काकांच्या मनगटाची. तो काठ गुंडाळून झुडपावर ठेवला.

"हे काय करताय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हा बांधला म्हणून मी पडले. मी दरीत गेले असते तर तेही गेले असते." त्या श्वास घेत थांबल्या. "बांधून नाही चालता येणार मला. घरात बांधून झालं, इथे पण?"

त्या दिवसापासून काका पुढे आणि परबबाई हातभर मागे. वळण आलं की त्या दरीच्या बाजूला होत. हात मोकळा, पण तयार. बघणाऱ्याला वाटे, नवराबायको फिरायला निघालीत. मला मात्र त्यांच्या मानेतली ताठ शीर दिसायची. किती दिवस असं चाललं? हिवाळा गेला, पळस फुलून झडला. काका बरे झाले नाहीत. उलट बोलणं कमी होत गेलं. पण दारावरचं ठोकणं थांबलं आणि रात्री झोप लागू लागली. स्नेहलने केंद्रातली जागा सोडली.

परबबाईंचा गुडघा मात्र त्या पडण्यातून सावरला नाही. उन्हाळ्यात जिना चढणं कठीण झालं तेव्हा स्नेहलने दोघांनाही आपल्याकडे न्यायचं ठरवलं, आपल्या घरी, तळमजल्यावर. काका पुढच्या पावसाळ्यात तिथेच वारले, झोपेत. परबबाईंनीच फोनवर सांगितलं. शेवटच्या आठवड्यापर्यंत घरामागच्या टेकडीच्या पायथ्याशी फेरी मारत होते म्हणाल्या. एवढंच सांगून त्यांनी माझी साखर किती आहे ते विचारलं.

त्यांची आठवण आली की मला दिसते ती त्यांची इथली शेवटची सकाळ. दुपारी सामानाची गाडी येणार होती. परबबाईंच्या गुडघ्याला जमेल तेवढंच आम्ही चौघे वर गेलो आणि परत निघालो. अंकल आणि मी थोडे पुढे आलो होतो. मागे पावलांचा आवाज थांबला म्हणून मी वळले.

काका पायवाटेवर एका पायावर उभे होते. बुटाच्या तळव्यातून काटा आत गेला होता. परबबाई तो दुखरा गुडघा जमिनीला टेकवून, दुसऱ्या मांडीवर त्यांचं पाऊल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बूट काढला, मोजा काढला आणि डोळे बारीक करून काटा शोधू लागल्या. तोल जाऊ नये म्हणून काकांनी एक हात त्यांच्या डोक्यावर ठेवला होता. झाडांतून ऊन त्यांच्यावर पडत होतं. मी मदतीला जायला निघाले, पण अंकलनी माझी बाही धरली.

काटा निघाला. परबबाईंच्या तोंडून नकळत एक कण्हणं बाहेर पडलं. गुडघ्याचं असावं. काकांनी खाली बघितलं. कितीतरी दिवसांत त्यांनी कुणाच्या तोंडाकडे असं बघितलं नव्हतं.

"तुका दुखता काय गो?" त्यांनी विचारलं.

परबबाईंनी मान वर केली.

"वायच," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या पायात मोजा चढवू लागल्या.